एकशे बारानंतर एकशे तेरा

मखमलाबाद,
९ जून १९९७

रूपाली, बाळा, आधी आशीर्वाद घे, मग निवांत वाच.

तू विचारलंस, मामी, या वयात वाचनालय कसं सुचलं. सुचलं बिचलं काही नाही. पहाटे फुलबाजारात गुलाब आणि निशिगंध देऊन झाले की साडेआठला मी मोकळी. मखमलाबादची बस दहाला. तोवर रिकाम्या पाट्या घेऊन रस्त्यावर बसायचं म्हणजे कंबरेचा भुगा. समोरच वाचनालय दिसलं. आत पंखा, बाक, माठाचं गार पाणी. आठ दिवस मी नुसती पंख्याखाली बसून आले. नवव्या दिवशी तिथल्या साधनाताई म्हणाल्या, "आजी, सभासद झालात तर बसायला बरं." मी म्हटलं, आजी कोणाला म्हणता ते नंतर बघू, आधी नाव लिहा.

आता आठवड्याला दोन पुस्तकं आणते. तुझे लहानूमामा म्हणतात, "पुस्तकं वाचून गुलाबाला जास्त फुलं लागनार हायेत का?" मी त्यांना उत्तर देत नाही, त्यांच्यासमोर मोठ्याने वाचते. मग गपचूप ऐकत बसतात.

परवाच्या कादंबरीतला माणूस देशासाठी घर सोडून निघतो आणि दर चार पानांवर चहा मागतो. ज्याला इतका चहा लागतो तो काय घर सोडणार, मी तिसाव्या पानालाच ओळखलं. पुढे तसंच झालं, परत आला. त्याआधीच्या पुस्तकात माळ्याचा मुलगा भर दुपारी गुलाब तोडून प्रेयसीला देतो. दुपारी तोडलेला गुलाब संध्याकाळपर्यंत मान टाकतो, हे ज्या लेखकाला माहीत नाही त्याने प्रेमाबद्दल तरी काय लिहावं. मी ते पुस्तक परत करताना साधनाताईंना हे सांगितलं. त्या हसल्या, पण पुस्तक कपाटात परत ठेवलंच.

आता तुझं सांग. मागच्या पत्रात तू तीन वेळा 'ठीक' लिहिलंस. तुझा नवरा, भारत, ट्रॅक्टरखाली गेला त्याला या महिन्यात दोन वर्षं होतील. सव्विसाव्या वर्षी माणूस तीन तीन वेळा ठीक नसतं. खरं काय ते लिही. पत्र मी मामांना मोठ्याने वाचून दाखवणार नाही.

तुझी मामी,
अंबूबाई


निफाडजवळच्या मळ्यातून,
२२ जून १९९७

मामी, तुम्हाला आणि मामांना नमस्कार.

खरं लिहायचं तर इथे मला कोणी वाईट वागवत नाही. सासरे आबा मला "पोरी" म्हणतात. दीर दिनेशदादा तालुक्याला गेले की माझ्यासाठी खाऊ आणतात, जणू मी सहावीत आहे. मोठ्या जाऊबाई, मीनाताई, मला जड कामाला हात लावू देत नाहीत. सगळे सांभाळून घेतात. म्हणून तर निघायला कारणच सापडत नाही. मारहाण असती तर दोन वर्षांपूर्वीच आले असते तुमच्याकडे.

पण मामी, सकाळी भाकरी, दुपारी द्राक्षाच्या बागेत, संध्याकाळी परत भाकरी. कोणी पाहुणा आला की मीनाताई म्हणतात, "ही आमची धाकटी," आणि तो माणूस मान खाली घालतो. माझ्याकडे बघून बोलत नाही कोणी. मी पुढे चाळीस वर्षं इथेच असणार हे सगळ्यांनी ठरवूनही टाकलंय, मला न विचारता, आणि तेही मायेने.

एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगते. निफाडच्या डॉक्टरबाईंनी मला नर्सच्या ट्रेनिंगचा फॉर्म दिलाय. धुळ्याला, दीड वर्ष, राहायला होस्टेल. माझी बारावी झालीय, वयातही बसते. जुलैअखेर द्यायचा आहे. पालक म्हणून आबांची सही लागते. तो फॉर्म माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली आहे. रोज एकदा बघते आणि परत ठेवते. आबांना विचारायचं म्हटलं की जीभ उचलत नाही. असं कोणी गेलंय का हो, घरात सगळं बरं असताना?

तुमच्या पुस्तकांचं लिहीत जा. पत्र वाचून मी बागेत एकटीच हसत होते. मीनाताईंना वाटलं ऊन लागलं.

तुमची,
रूपाली


मखमलाबाद,
६ जुलै १९९७

रूपाली,

मी सल्ला देणारी बाई नाही. तुला फक्त एका पुस्तकाचं सांगते, बाकी तू शहाणी आहेस.

निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक आहे. नुकतंच नव्याने बांधलंय, अजून खळीचा वास येतो. पहिलं पान नाही, पाठीवरचं नाव पुसलंय, नुसता नंबर आहे. म्हणून कोणी हात लावत नव्हतं, मी आणलं.

त्यात हौसा नावाची बाई आहे. ऐन तारुण्यात नवरा गेलेली. मोठं घर, भरलं कोठार, सगळे तिला जपतात. वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून तुझं पत्र काढून बघितलं. गावातली एक मास्तरीण तिला शहरात काम बघून देते. हौसाचं मन होत नाही. शंभर पानं मन होत नाही, मला तर तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं. शेवटी एका सकाळी ती पिशवी भरते. एकशे बाराव्या पानावर, अगदी खालच्या ओळीत असं आहे: 'हौसा उंबऱ्याशी आली. तिने पिशवी खाली ठेवली आणि डोळे'. पान उलटलं की एकशे तेराव्या पानावर पहिलंच वाक्य: 'पुसून दवाखान्याचे दार उघडले. बाहेर बायका रांगेने बसल्या होत्या.'

कळलं तुला? उंबऱ्याशी डोळे पुसायला हात वर गेला आणि पुसून झाले तेव्हा ती नर्स झालेली होती. दुसरा कोणी लेखक असता तर मध्ये वीस पानं रडारड केली असती, सासऱ्याने शिव्या दिल्या असत्या, गाडीत कोणीतरी गुंड भेटला असता. या माणसाने सगळं गाळलं. निघणारी बाई निघते, त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्याचं म्हणणं.

तिथून पुढे तिचं नाव सिस्टर इंदू. मी म्हटलं, बदललं असेल नाव. लग्नात तांदळात लिहून आपलं नाव बदलतात तेव्हा आपल्याला कोण विचारतं? मग हिने स्वतःचं स्वतः बदललं तर बिघडलं कुठे. इंदूच्या गालावर तीळ आहे, हौसाच्या तिळाचा कुठे उल्लेख नव्हता, पण तीळ काय, उगवतात. एकच गोष्ट अडली. हौसाची आई लहानपणीच वारलेली आणि इंदूला आईची पत्रं येतात. दोन दिवस कोडं सुटेना. मग फुलं तोडताना डोक्यात आलं, ती मास्तरीण. तिलाच आई मानलंय पोरीने. लेखक फार खोल आहे.

पुढची शंभर पानं ती सगळ्या दवाखान्याला धाकात ठेवते. लोक तिच्याकडे बघून बोलतात, आणि तीही. मागच्या घराचं एकदाही नाव काढत नाही. पुस्तक संपलं तेव्हा मामांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते म्हणत होते, "निशिगंधाचा परागकण गेला डोळ्यात."

ट्रंक उघडलीस की फॉर्मबरोबर हे पत्रही ठेव.

मामी


निफाडजवळून,
१९ ऑगस्ट १९९७

मामी,

एक तारखेला मी धुळ्याला जाते आहे. आता कसं झालं ते ऐका.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी भाकऱ्या थापताना मी मीनाताईंना तुमच्या पुस्तकातल्या हौसाची गोष्ट सांगितली. फॉर्मचं काही बोलले नाही, नुसती गोष्ट. मीनाताईंची भाकरी तव्यावर करपली तरी त्यांना कळलं नाही. ओसरीवर आबा बसले होते ते आम्हाला माहीत नव्हतं. आतल्या दाराशी येऊन म्हणाले, "कोन ही हौसा? कोनाची सून?"

मी काही बोलायच्या आत मीनाताईंनी सांगितलं, "हाय एक. चांदवडच्या अंगाची." मामी, मी करपलेली भाकरी तव्यावरून काढली. खोटं मी बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही.

आबा म्हणाले, "माघारी आली का?"

मीनाताई म्हणाल्या, "नाय आली."

"मंग बरं चाललं आसंल तिचं," असं म्हणून आबा जेवायला बसले. चार दिवस मी थांबले. पाचव्या दिवशी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ तो उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, "त्या हौसाचं बरं झालं, तुझंबी होईल," आणि सही केली.  मला रडू आलं, पण ते आनंदाचं होतं की कशाचं ते सांगता येत नाही.

मुलाखत झाली, निवड झाली. हौसा नसती तर हा फॉर्म ट्रंकेतच कुजला असता. तुमच्या त्या लेखकाला माझा नमस्कार.

रूपाली


धुळे,
१६ ऑक्टोबर १९९७

मामी,

दसऱ्याचा झेंडू कसा गेला? तुम्ही दमला असाल, तरी हे पत्र आजच लिहिते.

मला इथे जमत नाहीये. बाकीच्या मुली अठरा-एकोणीसच्या, मला काकू म्हणतात. औषधांची नावं इंग्रजी, रात्री घोकली तरी सकाळी विसरते. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा बाळंतपण बघायला उभं केलं आणि मी घेरी येऊन पडले. सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "उचला हिला आधी." त्या रात्रीपासून जेवण जात नाही.

त्यात परवा दिनेशदादा येऊन गेले. ऑक्टोबरची छाटणी सुरू आहे, माणसं मिळत नाहीत, मीनाताईंचा पाय मुरगळलाय. आबांचा निरोप आहे की हौस झाली असेल तर परत ये, झालं तेवढं पुष्कळ. रागावून नाही म्हणाले. प्रेमाने म्हणाले, आणि प्रेमाने म्हटलं की मला नाही म्हणताच येत नाही. भाऊबीज झाली की पाच तारखेला दादा न्यायला येणार आहेत. ट्रंक भरून ठेव म्हणालेत.

मामी, ते निळं पुस्तक मला पाठवा. दहा दिवसांत परत करीन, पान दुमडणार नाही. हौसाने पहिले दिवस कसे काढले ते मला वाचायचंय. लेखकाने गाळलं असं तुम्ही म्हणता, पण कुठेतरी एखादं वाक्य असेलच की. तिला जमलं, तर कसं जमलं एवढंच बघायचं आहे. ते वाचून मग ट्रंकेचं ठरवते.

रूपाली


मखमलाबाद,
२४ ऑक्टोबर १९९७

रूपाली,

हे माझं दुसरं पत्र. पहिल्यात लिहिलं होतं की पुस्तक वाचनालयातून हरवलं. ते लिहून पाकीट चिकटवलं आणि रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी फाडून चुलीत घातलं. आता खरं ते वाच, आणि उभी असशील तर बस.

तुझं पत्र आलं तशी मी पुस्तक आणायला गेले. साधनाताईंच्या टेबलाशी एक रिटायर झालेले पोस्टमास्तर तावातावाने बोलत होते. त्यांच्या हातात तसंच दुसरं निळं पुस्तक. म्हणत होते, यातली नर्स अर्ध्यात एकदम चुलीपुढे जाऊन बसते, हे काय पुस्तक आहे. मी म्हटलं, "मास्तर, तुम्हाला वाचता येत नाही. लेखक फार खोल असतात." चांगला अर्धा तास मी त्यांना वाचन शिकवलं. सगळं वाचनालय ऐकत होतं. मग साधनाताईंनी माझं पुस्तक आणि त्यांचं पुस्तक शेजारी शेजारी उघडून ठेवलं.

दोन वेगळ्या कादंबऱ्या आहेत, बाळा. दोन्ही खिळखिळ्या झाल्या होत्या, एकाच छापखान्याच्या, एकाच मापाच्या. एकदम बांधायला दिल्या. एकीचं शेवटचं अर्धं दुसरीला लागलं आणि दुसरीचं पहिलीला. पुस्तकं बांधतो त्याचं नाव फकिरा, त्याला बोलावून घेतलं. तो बिचारा म्हणतो, "मला वाचाय येत नाय, आकडे येतात. एकशे बारानंतर एकशे तेराच लावलंय. चूक दावा." चूक दाखवता येईना कोणाला.

हौसा आणि इंदू एक नाहीत. तीळ इंदूला जन्मापासून आहे. आई तिची खरीच आई आहे.

हौसाचं पुढे काय झालं ते मी तिथेच बाकावर बसून वाचलं. दहाची बस गेली, अकराची गेली. उंबऱ्याशी पिशवी खाली ठेवून ती डोळे 'मिटते', पुसत नाही. मग पिशवी उचलून आत जाते आणि चूल पेटवते. पुढची शंभर पानं ती त्या घराचं करते, आणि शेवटी म्हातारी झाल्यावर सगळे म्हणतात काय देवमाणूस. इंदूच्या पुस्तकात आदल्या पानाचा शेवटचा शब्द 'टेबल' आहे, ते टेबल पुसून ती दार उघडते. डोळ्यांचा काही संबंधच नाही.

मी म्हणू शकते की लेखकाने चुकवलं होतं ते फकिराने नीट केलं. साधनाताईंना मी तसं म्हटलंही, माझी खोड काही जात नाही. पण तुझ्यापुढे तसं म्हणून मला सुटता येत नाही. तुला निघायला एक बाई हवी होती आणि मी जी दिली ती नव्हतीच. तुझ्या आबांनी तिच्या भरवशावर सही केली. आयुष्यात पहिल्यांदा मला काय लिहावं ते कळत नाहीये आणि मला भीती वाटते आहे, तू ट्रंक भरशील याची, आणि माझ्यामुळे भरशील याची.

भरायची तर भर. मी निफाडच्या स्टँडवर येईन, एक शब्द बोलणार नाही. पण हौसा परत गेली म्हणून भरू नकोस. ती निघाली असं वाटून तू निघालीस, तेवढं एकदा पुरे झालं.

मामी


धुळे,
६ नोव्हेंबर १९९७

मामी, साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मिळालं. तोवर ट्रंक अर्धी भरली होती, खोटं कशाला सांगू. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. तुमचा नाही, हौसाचा. शंभर पानं विचार करून पिशवी भरली आणि दारात जाऊन फिरली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. पोस्टमास्तरांना तुम्ही वाचन शिकवता आहात हे डोळ्यांपुढे येऊन मी इतकी हसले की होस्टेलच्या मुली गोळा झाल्या. त्यांना सगळी गोष्ट सांगितली. तेव्हापासून त्या मला काकू म्हणत नाहीत, हौसाताई म्हणतात. मी त्यांना बजावलंय, ते नाव नको.

तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. धुळ्याची गाडी पकडताना हौसा माझ्याबरोबर नव्हतीच. घेरी येऊन पडले तेव्हाही मीच पडले आणि मीच उठले. मग उगाच तिच्या नावाने ट्रंक का भरायची. मी साड्या काढून परत खुंटीवर टाकल्या. तीन तारखेला पुन्हा बाळंतपणाला उभी राहिले. या वेळी पडले नाही. मुलगी झाली, सव्वातीन किलोची. सिस्टरांनी माझ्याच हातात दिली पुसायला.

काल दिनेशदादा आले. त्यांना बाकावर बसवून मी सांगितलं, "दादा, ती हौसा कोणाची सून नव्हती, पुस्तकातली होती. आणि ती माघारी गेली होती. आबांना दोन्ही गोष्टी सांगा, मी त्यांना फसवून राहणार नाही. मी मात्र येत नाही, ही तिसरी सांगा." दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "ती पुस्तकातली, ते आबांना म्हाईत हाय. मीनानं कवाच सांगितलं. तरी बी म्हनले, जाऊन बघ, येती का." मामी, सहीच्या वेळीही त्यांना माहीत होतं की नाही ते मी विचारलं नाही. द्राक्षं उतरवायच्या वेळी सुट्टी मिळाली की आठ दिवस जाईन आणि त्यांनाच विचारीन.

मीनाताईंनी करंज्यांचा डबा पाठवला होता. झाकणाखाली चिठ्ठी आहे, त्यांना ते निळं पुस्तक वाचायचंय. त्यांच्यासाठी आणाल ना? साधनाताईंनी अजून उसवलं नसेल तर फकिराने बांधलंय तसंच द्या. उसवलं असेल तर दोन्ही द्या आणि कुठून कुठे जायचं ते सांगा. हौसा परत गेली हेही सांगा, मग त्यांना जे पान उलटायचं ते उलटू देत.

आणि ते डोळ्यांचं. तुम्ही लिहिलंत की इंदूने टेबल पुसलं होतं, डोळे नाही. ते मला इथे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. रोज सकाळी सात वाजता दार उघडायच्या आधी टेबल पुसावंच लागतं, फिनेलच्या पाण्याने, दोनदा. आज माझी पाळी होती. बाहेर बायका रांगेने बसल्या होत्या. मी टेबल पुसलं, फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि दार उघडलं.

तुमची,
रूपाली